डाल्याखालची पावलं

साखरा, बुधवार

तीर्थरूप दाजी यांस देविदासचा नमस्कार. (सुतक आहे, म्हणून वर श्री लिहिला नाही.) तुमची कंबर बरी असेल, ताईचं रडणं थांबलं असेल. तुमची पुनम इथं मदतीला राहिली ते बरं झालं. तिच्या कॉलेजच्या सहलीला तुम्ही नाही म्हणालात, त्यात मला पडायचं नाही.

माझी माय, आपली बाई गेली त्या दिवशी तुम्ही सांजेच्या गाडीने निघालात. मग लखमा मावशीने बाईला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून वर कोंबड्यांचं डालं झाकलं. जिवाला आत यायला वाट हवी म्हणून एक कड विटेवर टेकवली. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं, ते सकाळी पिठावर दिसतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

सकाळी डालं उचललं तर तीन बोटांची पावलं, आणि डावं पाऊल फरफटलेलं. बाईही डावा पाय ओढतच चालायची. मावशी मोर म्हणाली. मोहनकाका बगळा म्हणाले (चष्मा शेतात राहिला होता). पुनम वाकून बघत राहिली आणि सांगू लागली, की डायनासोरांची पावलं अशीच चिखलात उमटली आणि त्यांचा दगड झाला. दोन पावलांतल्या अंतरावरून ते जनावर चालत होतं की पळत, एकटं की कळपात, हे आज कळतं. कोंबडीही त्यांच्याच खानदानातली. मावशीने एवढंच ऐकलं.

"काहून गं, माझी बहीण राक्षस झाली म्हणतीस?"

"न्हाई आजी, ही आपली लंगडी."

लंगडी म्हणजे बाईने हळद-चुना लावून, पायाला काडी बांधून वाचवलेली कोंबडी. डालं तिचंच. सांज झाली, ती आपल्या घरात शिरली आणि उजाडायच्या आत बाहेर पडली.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पिठाकडून माझी काही आशा होती. तेव्हा पुनमने बोट दाखवलं. पावलं उशाच्या जागेकडे गेली होती, तिथं दोनदा वळली होती, आणि शेवटी पोटाच्या पिसांचा गोल ठसा होता.

"मामा, हाडं मेल्यावर राहतात. पाऊल जित्याचंच उमटतं. ही आली, बाईला शोधलं आन् इथंच बसून राहिली."

मी उठलो आणि पाणी पिऊन झालेल्या बैलांना पुन्हा पाणी पाजलं.

आपला,
देविदास

ता. क. सहलीत पडायचं नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडलं समजा. पोरगी राजस्थानात दगडातली खरी पावलं बघायला जायचं म्हणते आहे, नाही म्हणू नका. पिठातलं तिला एवढं दिसलं, दगडातलं किती दिसेल.

ता. क. दुसरा. तेरवीनंतर मुक्काम करा, पण रश्श्याची आशा ठेवू नका. मावशी लंगडीला अहोजाहो करते. काल लंगडीने अंडं दिलं. खायची कुणाची हिंमत नाही, उबवायला ठेवलं आहे.