हात छातीशी धरून

प्रिय कुसुमताई,

उद्या सकाळी मेट्रन मला विचारणार आहेत, "सुनंदा, अब अकेली सम्हाल लोगी?" काय सांगू हो? हे बोलावं असं दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्ही देवाघरी गेल्यावर पहिल्यांदाच तुम्हाला लिहून राहिली आहे.

मला लेबर रूममधून काढलं! म्हणजे शिक्षा नाही. नवजात बाळांचा आयसीयू वाढवला, तिथे जुन्या सिस्टर हव्या होत्या. सगळ्या म्हणाल्या, "बाळंच तर आहेत, दीदी, तुम्हाला काय कठीण?" ताई, ही आपली बाळं नाहीत. आपली रडत यायची, आपण पुसून आईजवळ द्यायचो, झालं. इथली तळहाताएवढी, नाकात नळ्या, डोक्याशी मशीन. ते सारखं वाजतं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते.

आणि पहिल्याच दिवशी काय केलं असेल? आपल्या सवयीनं दारातूनच गरजले, "क्या हाल है सबका?" तुम्ही मला फॅक्टरीचा भोंगा म्हणायच्या ना, तोच वाजला. काचेच्या पेटीतली बाळं दचकली, मशिनी एकदम बोंबलायला लागल्या. प्राची धावत आली. इथल्याच जवळच्या पाटन गावची पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची, तीच मला इथलं काम शिकवते. "दीदी, यहाँ धीरे," एवढंच म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा तुमच्या हाताखाली मी केलेली पहिली डिलिव्हरी आठवली. "काहून घाबरून राहिली? मी आहे ना!" म्हणालात आणि मागे उभ्या राहिलात. ग्लव्हज चढवलेले हात एकमेकांत गुंफून छातीशी. ती बाई घामाघूम, मी तिच्याहून जास्त, पण तुमचे हात काही पुढे आले नाहीत. असा राग आला होता तुमचा! दगड आहे ही बाई, असंच वाटलं.

आज दुपारी एका बाळाचा श्वास थांबला. मी प्राचीकडे पाहिलं. तिनं पटकन हात धुतले आणि छातीशी धरले. "आप कीजिए, दीदी." मी बाळाच्या पायाच्या तळव्यावर टिचकी मारली. काही नाही! पाठ हळूच चोळली, पुन्हा टिचकी. देवा रे, घे ना बाबा श्वास! मग त्यानं एवढासा श्वास घेतला. मग दुसरा.

वळून बघते तर प्राचीचे हात थरथरत होते. इतके घट्ट गुंफलेले, तरी.

ताई, तुमचेही थरथरायचे का? म्हणून असे धरून ठेवायच्या? मग सांगितलं का नाहीत कधी? इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला भीती ठाऊकच नाही आणि मलाच मेलीला ती सुटत नाही.

भीती अजून आहेच, खोटं काहून बोलू? उद्या मेट्रनना "मला परत पाठवा" म्हणणार होते. ते आता म्हणणार नाही. पण प्राची अजून काही दिवस माझ्या मागे उभी हवी, हे तोंड उघडून मागीन. आणि पुढे लेबर रूममधून अशीच कोणी घाबरत आली, तर हात धुऊन तिच्या मागे मी उभी राहीन, हे तुम्हाला वचन. फक्त, माझे हात कापतात ते तिला दिसू देईन.

तुमचाच भोंगा, सध्या हळू आवाजात,
सुनंदा