टिप्यानं पळवलेली चप्पल

रविवार, दिवेलागणीला

आधी आलं ते कुत्रं, टिप्या. त्याच्या मागनं त्याचा मालक, मेंढरं राखणारा किसन, माझ्या नातीची, नेहाची, डावी चप्पल परत द्यायला. ही तिसरी खेप. पण आज संगं त्याची आईबी! मला वाटलं, आज मागणी घालणार. आनंदात चहात साखर लई पडली.

पण कसलं काय! नेहा शाळेत शिकवती, मोजून बोलती. किसन हसला की तामलवाडीपतुर ऐकू जातं. दोघं चपलीवरनंच भांडत बसली.

"कुत्र्याला बांधून ठेवत जा."

"बाई, तुमची चप्पल रोज भाईरच कशी असती?"

नेहानं चप्पल पुन्हा भाईरच ठेवली. त्याची आई पाऊसपाण्याचं बोलत राहिली. बोलायचं ते कुणी बोललंच न्हाय. डोकं उठलं माझं. म्याच विचारायचं व्हतं का? पोरीकडच्यांनी आधी विचारावं व्हय?

मायलेकरं जायला उठली तवा म्या बघितलं. नेहानंच उजवी चप्पल पायानं टिप्याकडं सरकवली. टिप्या ती घेऊन किसनच्या गाडीमागं पळाला.

किसन लांबनं वरडला, "आजी, मंगळवारी आणून देतो!"

त्याची आई म्हनली, "म्याबी येते."

मंगळवारी.