सीटखालची निळी टेप

मैदानामागची शेड,
३ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न.

अक्षर वाकडं आलंय, कारण राग अजून उतरलेला नाही. काल आपल्या गवत कापायच्या जुन्या मशीनचं पातं चालता चालता तुटलं. अर्धं खाली राहिलं आणि अर्धं मैदान ओलांडून प्रेक्षकांच्या बाकाच्या पाठीत वीतभर घुसलं. पाच मिनिटांपूर्वी त्याच बाकावर मैदानाचा व्यवस्थापक चहा पीत बसला होता. तो धावत आला आणि मला जे बोलला ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. मीही त्याची कॉलर धरली. ह्यांनी मध्ये पडून सोडवलं नसतं तर कंत्राट तिथल्या तिथे संपलं असतं. तुम्ही मला ठिणगी म्हणता ते काही उगाच नाही.

तीन मैदानं आणि इस्पितळाची हिरवळ महिनाअखेर कापून द्यायची आहे, त्यामुळे आता बसून चालवायचं मोठं मशीन घ्यावंच लागेल. नवं की वापरलेलं, एवढाच प्रश्न आहे. शोरूममधलं नवं आम्ही बघून आलो. दिसायला देखणं आहे, पण दाखवणारा मुलगा सीटवरून जरा उठला की इंजिन गप्प. पुन्हा बसायचं, पुन्हा चालू करायचं. आम्हा दोघांना हसू आवरेना. ह्यांची सवय तुम्हाला माहीत आहे, दर पन्नास पावलांवर उतरून दगड उचलतील, फांदी बाजूला करतील. दरवेळी मशीन रुसणार असेल तर गवत पुढच्या जन्मीच कापून होईल.

वापरलेलं मशीन गोदामवाल्याकडे आहे, सहा वर्षांचं. तो गोड बोलतो म्हणून मला त्याचा भरवसा वाटत नाही. तुम्ही त्याच्याकडे बारा वर्षं मिस्त्री होतात. तुम्ही हो म्हणाल तर हो, नाही म्हणाल तर नाही.

ह्यांचा नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठिणगी


११ मार्च

चि. सौ. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. राग आला की दहापर्यंत मोजावं, असं मी तुला लहानपणी शिकवलं होतं. तू चारपर्यंतच शिकलीस असं दिसतं. जावईबापूंना माझा आशीर्वाद आणि थोडी सहानुभूतीही सांग.

माझं मत विचारशील तर वापरलेलं घे. नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी एक स्क्रू ढिला झाला तरी कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं. शिवाय नव्याचे हप्ते भरण्यात तुमचा जीव जाईल. रविवारी मी स्वतः गोदामात गेलो. तासभर मशीन चालवून कान लावून ऐकलं. बेअरिंग ठणठणीत आहेत. पट्टा बदलला, पाती धार लावून तोलून बसवली. गोदामवाला गोड बोलतो हे खरं, पण माल लपवत नाही.

तुझी ती रुसव्याची तक्रारही ध्यानात ठेवली होती. माणूस उठला की बंद पडायची खोड या मशीनलाही होती. सीटखाली हात घालून ती मी कायमची काढून टाकली आहे. जावईबापूंना आता खुशाल कितीही वेळा उतरू दे. दादाच्या मशीनलाही मी हेच केलं होतं, आणि तुझा बाप सत्तरीत खाटेवर गेला, मशीनखाली नाही.

आधी घोडा मैदानावर आण, मग मला सांग कसा पळतो ते. म्हाताऱ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
काका


२ एप्रिल

ती. काकांना,
शि. सा. न.

घोडा पळतो. पळतो म्हणजे तुफान पळतो. तीन दिवसांचं मैदान दीड दिवसात उरकलं. हे सीटवर राजासारखे बसतात, शीळ घालतात, मध्येच उतरून दगड उचलतात आणि मशीन आपलं घुमत त्यांची वाट बघत उभं असतं. परवा शोरूमचा तो मुलगा रस्त्यात भेटला, तर हे त्याला म्हणाले की आमच्या काकांकडे शिकायला जा.

व्यवस्थापकानेही मान डोलावली. माझ्यापासून हातभर लांब उभं राहून डोलावली, पण डोलावली. तुमच्यासाठी एक लोकरी टोपी विणते आहे. थंडी सरली तरी अजून पूर्ण नाही, सवयीप्रमाणे.

आठवण असू द्या आणि पत्रही.

तुमची,
ठिणगी


इस्पितळाचा जिना,
२१ एप्रिल

ती. काकांना,
नमस्कार.

ह्यांचा उजवा पाय गेला. अख्खा नाही, पुढचा अर्धा. डॉक्टर म्हणतात टाच वाचली हे नशीब.

मंगळवारी सकाळी नाल्याकडच्या उतारावर काम होतं. गवत ओलं होतं. पात्यात फांदी अडकली म्हणून हे उतरले आणि मागून वाकले. मशीन घसरत मागे आलं. पाती फिरत होती. बूट, मोजा आणि पाय कापलेल्या गवताबरोबरच बाजूने बाहेर उडाले. मी पळत गेले, पण मशीन थांबेचना. चावीपर्यंत हात पोचवायला मला ह्यांच्या अंगावर पाय देऊन चढावं लागलं. मग मी ते सगळं गवत हातांनी चाळलं, डॉक्टरांना काहीतरी नेऊन देता येईल म्हणून. जे सापडलं ते पदरात बांधून नेलं, पण त्यांनी ते बाजूला ठेवलं.

पोलिसांचा मिस्त्री मशीन बघून गेला. माणूस सीटवरून उठला की पाती थांबावीत म्हणून खाली एक स्विच असतो, आणि कोणीतरी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून तो मारून टाकलाय, असं तो म्हणाला. हे ऐकल्यावर मी पाती खोलायचा मोठा पाना घेतला आणि गोदामात गेले. मोजलं नाही, एकसुद्धा नाही. गोदामवाला खुर्चीत बसला होता. पहिला फटका त्याच्या खांद्यावर मारला, दुसरा हातावर. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तो जमिनीवर पडून सांगत होता की सीटखाली त्याने हात घातला नाही, काकांना विचारा. तुमचं नाव घेतलं म्हणून तिसरा फटका तोंडावर दिला. जबडा मोडला.

दोन दिवस कोठडीत होते, आता जामिनावर सुटलेय. काका, तुम्ही साक्षीला या. तुम्ही मशीन तपासून दिलं होतं आणि नंतर त्यानेच ते बिघडवलं, एवढं सांगितलंत तर मी वाचेन. वकिलांनीही हेच सांगितलंय. मी आत गेले तर ह्यांना उचलून बसवणारं कोणी नाही.

लवकर या.

ठिणगी


५ मे

चि. सौ. ठिणगीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. पहिले दोन दिवस मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. तिसऱ्या दिवशी गाडी पकडून तुमच्या पोलिस ठाण्यात आलो, जबानी दिली आणि तुमच्या दारावरून परत गेलो. बेल वाजवायची छाती झाली नाही.

तो स्विच मी मारला. मी तुला लिहिलंही होतं, खोड काढली म्हणून, फुशारकीने. सीट उलटून बघ. निळी टेप दिसेल आणि तिच्या टोकाला कान मुडपलेला असेल, पुन्हा सोलताना नखात यावा म्हणून. तुझ्या पाटीची चौकट, तुझ्या सायकलची घंटा, तुमच्या घरातला रेडिओ, सगळीकडे मी टेप तशीच लावत आलो. गोदामवाला त्या दिवशी मला म्हणाला होता की मिस्त्री, हे नका करू, जोडलेलं तोडा. मी त्याला झापलं. तू जन्मलास तेव्हा मी इंजिनं खोलत होतो, असं म्हणालो.

माझ्या जबानीने तुझी बाजू पडते हे मला कळतं. तू निर्दोष माणसाला मारलंस, असं आता कागदावर आलं आहे. खोटं बोललो असतो तर तू सुटली असतीस आणि तो मोडक्या जबड्याने चोर ठरला असता. तिसरा फटका माझ्या वाट्याचा होता, बाई.

मग त्याच्याकडे गेलो. त्याला बोलता येत नाही. डाव्या हाताने त्याने मला एक यादी लिहून दिली, माझ्या हातून गेलेल्या मशीनांची. एकोणीस आहेत. सात ठिकाणी जाऊन टेप तोडून आलो. एका शाळेच्या माळ्याने मला हाकलून दिलं, स्विच चालू झाला की मशीन सारखं बंद पडेल म्हणून. मी त्याच्या पाया पडलो तेव्हा कुठे त्याने सीट उचलू दिली.

तुझा पाना घेऊन ये. मी हलणार नाही.

काका


शेड,
१६ मे

ती. काकांना,
नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी पोलिसांनी मशीन परत दिलं. मी घण घेऊन त्याच्यावर तुटून पडले. बॉनेट चेपलं, चाक निखळलं, सीट उडून भिंतीवर आदळली. सीटखाली निळी टेप होती आणि तिला कान होता. मी थांबले नाही. अजून दहा-बारा घाव घातले, पण ते कोणाला घालत होते ते मला ठाऊक होतं. तुम्ही समोर असतात तर तुमच्यावर घातले असते.

तुम्हाला शिव्या देणारी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. चौथं ह्यांनी काढून घेतलं. ते बिछान्यात बसून म्हणाले की शोरूममध्ये हसलो आपण दोघं, रुसतं म्हणून तक्रार लिहिलीस तू, टेप लावली काकांनी, आणि चालू मशीनवरून उतरलो मी. मग भिंतीकडे तोंड करून ते रडले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. तुम्ही खोड काढलीत, काका, पण खोड म्हणायला मीच शिकवलं होतं.

गोदामवाल्याकडे जाऊन आले. हात जोडले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही आणि खटलाही मागे घेणार नाही, असं त्याच्या बायकोने सांगितलं. बरोबर आहे त्यांचं. तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकिलांना सांगितलंय की मी कबूल करणार.

काल नवं मशीन आलं, हप्त्यांवर. ह्यांना उचलून सीटवर बसवलं. चालू केलं आणि ते कुबडीच्या आधाराने उठले. मशीन गप्प झालं. ते पुन्हा बसले, चालू केलं, पुन्हा उठले. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. दरवेळी ती शांतता व्हायची आणि मला हुंदका यायचा. आम्ही हसलो होतो ती हीच शांतता.

तुमच्या यादीतली बारा मशीनं अजून फिरताहेत. त्या प्रत्येकावर रोज कोणीतरी चढतो आणि उतरतो. तुमच्या म्हाताऱ्या पायांनी तुम्ही सगळीकडे पोचणार कधी. सोमवारी सकाळी यादी आणि पक्कड घेऊन इकडे या, गाडी मी चालवते. आता बेल वाजवा, दारावरून परत जाऊ नका. तुम्हाला बघून माझा हात उठेल की नाही, ते मला माहीत नाही. पाना ह्यांनी कुलपात ठेवलाय.

लोकरी टोपी पूर्ण झाली आहे. लोभ उरलाय का, ते बारावी टेप तुटल्यावर सांगेन.

तुमची,
ठिणगी