तेल चालू इंजिनावर बघावं

प्रिय पान्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांचा डावा गुडघा सोडला तर, आणि तो तर तू इथे होतास तेव्हापासूनच संपावर आहे. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं एकमेकांची तब्येत विचारतो, दोन्ही तब्येती बऱ्या निघतात आणि आपण फोन ठेवतो. नऊ वर्षं तेच चाललंय. मला जे सांगायचंय ते त्यात मावणारं नाही. शिवाय मध्येच तू तुझं ते थंडगार ‘बरं, ताई’ म्हणालास, की माझं अवसान गळतं. म्हणून सरळ कागद घेतला.

तर आपली पिकअप आजारी पडली. गेले दोन महिने दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना असा झटका द्यायची, की मागून कुणीतरी धडकलं असं वाटून मी आरशात बघायचे. माझी रोपवाटिका त्या गाडीवर चालते हे तुला सांगायला नको. एका झटक्यात मागचे निम्मे ट्रे आडवे. एका शाळेच्या बागेसाठी दोनशे रोपं नेली, तर पोचेपर्यंत मागे नुसता चिखल. तिथल्या माळ्याने ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, की बाई, ही लावायची आहेत की पुरायची? त्यानंतर शाळेने दुसरीकडून रोपं घेतली.

चौकातल्या चष्मेवाल्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने एक चक्कर मारली, उतरला आणि हात पुसत म्हणाला, गिअरबॉक्स गेला. एवढ्या जुन्या ऑटोमॅटिकचा दुसरा मिळायचा नाही, मिळाला तर गाडीपेक्षा महाग पडेल. शनिवारी माझ्याकडे भंगारवाला येतोय, त्याला तुमच्याकडेही पाठवतो, देऊन टाका. तो सोमवार होता. बॉनेटसुद्धा न उघडता माणूस मृत्यूचा दाखला लिहितो म्हणजे काय? मी गाडी घरी आणली, शेडमध्ये लावली आणि ठरवलं, की शनिवारपर्यंत हिचं दुखणं मी शोधणार. दुसरी गाडी घ्यायची माझी ऐपत नाही. ही गेली की वाटिकाही गेली. द्यावीच लागली तर देईन, पण न तपासता देणार नाही.

बाबा पायरीवर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, चौतीस वर्षं ट्रक चालवले, कधी गिअरबॉक्स खोलावा लागला नाही, कारण गिअर मी टाकत होतो. ही बया स्वतःच्या मर्जीने टाकते, आता भोगा. गुडघ्याला क्लच झेपेना म्हणून ही घेतली खरी, पण मनातून त्यांनी हिला गाडी कधी मानलंच नाही. सुंभ जळला तरी पीळ तसाच आहे हो.

आता हसशील. मंगळवारी मी कुठून सुरुवात केली माहितीये? तुझ्यापासून. तू गाड्या दुरुस्तीचं काम शिकून आलास तेव्हा रोज जेवताना गिअरबॉक्सचं पुराण लावायचास आणि मी वैतागून ताट उचलून आत जायचे. पण कानावर पडलेलं कुठेतरी टिकतं बघ. आधी लिही, मग उघड, हे तुझं वाक्य. झटका कधी बसतो, कुठल्या गिअरला, थंड असताना की तापल्यावर, हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. तू स्वतः मात्र झोपतानाही खिशात पाना ठेवायचास, नावच पडलं त्यावरून, ते असो. मी बी पेरल्याच्या तारखांची वही घेतली, डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि निघाले. गाडी थंड असताना पाणी नुसतं हलत होतं. वीस मिनिटांनी तापली आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अख्खा पेला माझ्या मांडीवर. रिव्हर्स टाकला की तीन आकडे मोजेपर्यंत विचार करायची, मग धाडकन मागे. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जिथल्या तिथे. ओल्या कपड्यांनी सगळं वहीत लिहिलं.

बुधवारी बाबांना स्टिअरिंगवर बसवलं. ब्रेक दाबून ठेवा, लिव्हर एकदा पुढे टाका, एकदा मागे. कुरकुरले, पण बसले. मी लांबून इंजिनाकडे बघत होते, कारण इंजिन ज्यावर बसतं ते रबर तुटलं असेल तर इंजिन उडी मारतं, हेही तुझंच. उडी नव्हती. मग गाडी बंद करून चाकांना लाकडं लावली, खाली सरपटत गेले आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा दोन्ही हातांनी पिळून बघितला. सांध्यात ढिलाई नाही. ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी तार ओढून बघितली, तीही नीट. संध्याकाळी केसांत ग्रीस आणि हातात शून्य. बाबा म्हणाले, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय तुझं. मी अंघोळीला गेले.

गिअरबॉक्सचं तेल मी तोवर तपासलंच नव्हतं. का तपासावं? तेल आपल्या घरी दर रविवारी बघितलं जातं, बाबांच्या शिस्तीत. सकाळी, गाडी थंड, इंजिन बंद. डिपस्टिक काढायची, पुसायची, घालायची, परत काढायची. तेल खुणेवर. बाबांचा गुडघा वाकेना झाल्यापासून ते माझ्याकडे आलंय आणि मी एक रविवार चुकवलेला नाही. गुरुवारी डिपस्टिक काढली ती फक्त वास घ्यायला. करपलेल्या दुधासारखा वास होता. नाकाशी धरली होती, डोळ्यांवर वही लिहायचा चष्मा होता, म्हणून पट्टीवर काहीतरी दिसलं. वर्षानुवर्षांचा काळा थर नखाने खरवडला. खाली बारीक अक्षरं ठोकलेली होती, की गाडी सपाट जागी, तापलेली, लिव्हर पार्किंगमध्ये, आणि इंजिन चालू ठेवून बघावं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिथेच एका पालथ्या बादलीवर बसले, कारण मला तो दिवस आठवला.

तुला तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. तू तेल बदललं होतंस, इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघत थोडं थोडं भरत होतास. वाटिकेत चार गिऱ्हाईकं उभी होती. बाबांनी तुझ्या हातातून डिपस्टिक ओढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, गाडी चालू ठेवून तेल बघतोय, उद्या गाडी पळवत टायर बदलेल. गिऱ्हाईकं हसली. पान्या, मीही हसले. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मी हसत होते, ते मला आजही खुपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बंद इंजिनावर तेल बघितलं, ते खुणेच्या दोन बोटं वर दिसलं. हे बघ, म्हणाले, शहाण्याने दुप्पट ओतलंय, गाडी मारली असती. आणि त्यांनी ‘जास्तीचं’ तेल काढून टाकलं. डबा मी धरला होता. तू एवढंच म्हणालास, की बंद असताना सगळं तेल खाली येऊन बसतं म्हणून भरपूर दिसतं, चालू झाल्यावर कळतं खरं किती आहे ते. बाबांना शिकवू नकोस, असं तुला कुणी सांगितलं? मीच. त्या दुपारी तू बॅग भरलीस. तो डबा अजून शेडमध्ये आहे. त्यातलं तेल मी नऊ वर्षं फाटकाच्या बिजागऱ्यांना घालतेय. फाटक कधी कुरकुरलं नाही, कुरकुर गाडीच्या वाट्याला आली.

गाडी फिरवून तापवली, शेडसमोरच्या सपाट जागेत लावली, लिव्हर सगळ्या घरांतून फिरवून पार्किंगमध्ये आणली आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढली. कोरडी. टोकाला फक्त एक थेंब. नऊ वर्षं अर्धपोटी पळाली आणि आता दमली. मी बाबांना हाक मारली. ते आले, स्वतःचा चष्मा लावला, पट्टीवरची अक्षरं बोट फिरवत वाचली. मला म्हणाले, परत घाल. परत घातली, परत कोरडी. तिसऱ्यांदा घालायला लावली. मग आत गेले. मला वाटलं आता दोन दिवस तोंड उघडणार नाहीत. पण अर्ध्या तासाने जुना ड्रायव्हरचा शर्ट घालून बाहेर आले. म्हणाले, खाली पत्रा टाक, उद्या गिअरबॉक्सचा तळ उघडू.

खरी भीती तिथेच होती. तळाच्या ताटलीत लोहचुंबक असतो, त्यावर काय चिकटलंय ते बघायचं असतं. लगदा असेल तर हस, ती नेहमीची झीज, धातूचा चुरा असेल तर रड, आतलं काहीतरी मोडलंय, हे तू पोळीचा घास तोंडात असताना सांगितलं होतंस आणि आईने तुला आधी गिळ म्हटलं होतं. शुक्रवारी सकाळी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, एकेक बोल्ट सैल केला, करपलेलं तेल कोपरापर्यंत ओघळलं. ताटली खाली घेतली, चुंबक पुसून बोटांत चोळला. राखाडी, मऊ लगदा. टोचलं काहीच नाही. मी गाडीखाली आडवी पडून रडले, तुझ्या नियमाच्या अगदी उलट. बाबांना फक्त माझे पाय दिसत होते. ते विचारत राहिले, काय निघालं, अगं काय निघालं.

नवीन फिल्टर बसवला, नवीन तेल भरलं, इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं. डिपस्टिक बाबांनी धरली, मला हात लावू दिला नाही. खुणेवर तेल आलं तेव्हा उन्हात धरून बराच वेळ बघत होते. मग पेला भरून चक्कर मारली. रिव्हर्स लगेच लागतो, चढावर गाडी चढते. दुसऱ्या-तिसऱ्याला पाणी सांडलं, पण चमचाभर. शनिवारी भंगारवाला आला, त्याला बाबांनीच फाटकातून परत पाठवलं. म्हणाले, आमची गाडी उपाशी होती, मेली नव्हती. उपाशी ठेवली कुणी, ते त्यांनी त्याला सांगितलं नाही.

तर मुद्दा असा. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड, पण आता सांगते. तो चमचाभर झटका उरलाय आणि तो माझ्याने निघत नाही. चष्मेवाल्याला दाखवू का म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले, नको. मग म्हणाले, त्याला लिही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून तुझा विषय काढला. काय लिहू, विचारलं, तर पायरीवरून उठले, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, लिही, की ऑटोमॅटिकचं तेल चालू इंजिनावर बघावं. जसं काही तुला ते माहीतच नव्हतं. मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाले, त्याला कळेल. तुला कळलंच असेल. त्यांच्याकडे यापेक्षा मोठं वाक्य नाही, असतं तर त्यांनी ते केव्हाच वापरलं असतं. माझ्याकडे आहे, म्हणून मी लिहिते. तुझं बरोबर होतं, मी चुकले, आणि हसले त्याची मला लाज वाटते. येत्या रविवारी आम्ही दोघं पिकअप घेऊन तुझ्याकडे येतोय. येऊ की नको ते विचारत नाही, निघतोय एवढंच कळवते. सावकाश येऊ, वाटेत तीनदा थांबू, तिन्ही वेळा बाबा तेल बघतील. तुझ्या दारात गाडी तापलेली असेल, सपाट जागा बघून लावीन, डिपस्टिक तू काढायची. तू बाहेर येईपर्यंत मी इंजिन बंद करणार नाही.

त्या दिवशी डबा धरणारी, पण तुझीच,
ताई