लिंबोणीवरची चिंधी

माय,

मागच्या आठवड्यात कारंज्याच्या आमच्या घरामागे लिंबोणीला पाणी घालताना सहज पान उलटून पाहिलं, तर एक अळी निपचित पडलेली आणि तिच्या अंगाला चिकटून तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे. लेक म्हणाली, "आई, अंडी हायेत हे. फवारून टाक." तिनं फोटो काढून फोनला विचारलं, फोननं तीन वेगवेगळी नावं सांगितली. मी जुन्या साडीची चिंधी फाडली आणि त्या डहाळीला बांधली.

ही तुझी रीत. गावी किन्हीराजाला आपल्या परसात पानावर अनोळखी काही दिसलं की तू चिंधी बांधायचीस, आणि त्यातून काय निघतं ते दिसेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाहीस. मी शेतकी कॉलेजातून पहिल्याच दिवाळीला घरी आलेली, अंगात वारं भरलेलं. लिंबोणीवर हेच दाणे, अशाच अळ्या. ओट्यावर शेजारच्या बायका गप्पा मारत बसलेल्या. त्यांच्यादेखत मी तुला म्हणाले, "अळीची अंडी आहेत ती. तुला काय कळतं त्यातलं?" अळी अंडी घालत नाही, फुलपाखरू घालतं, एवढं तर मला शाळेपासून ठाऊक होतं, पण दिमाखापुढे काय आठवतं! तू विचारलंस, "काय निघते ते पाह्यल्याबिगर काहून मारून राह्यली?" मी चिंध्यांसकट सगळ्या डहाळ्या तोडल्या आणि चुलीत घातल्या. बायका हसल्या, तुला हसल्या. तू पदराला हात पुसलेस. "बरं बाप्पा. तू शिकेल हाय, तुलेच मालूम."

पुढे अळ्यांनी झाड पार बोडकं केलं. त्या वर्षी होस्टेलवर लोणच्याची बरणी आली नाही, तेव्हा मला वाटलं तू रुसलीस. लिंबंच लागली नव्हती.

तिसऱ्या वर्षी तेच चित्र वर्गात फळ्यावर आलं. ती अंडी नव्हतीच, कोष होते. एक बारीकशी माशी अळीच्या अंगात अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येतात आणि तिथेच कोष विणतात. तुझ्या झाडाचे राखणदारच मी चुलीत घातले होते. मला भयंकर लाज वाटली. सुटीत घरी आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. विचारलंस, "आता काय शिकवून राह्यले तुमाले?" मी म्हणाले, "विशेष काही नाही." त्यानंतर तू कितीतरी वर्षं होतीस, माय. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं.

आज सकाळी कोष फुटले. मुंगीहून लहान काळ्या माश्या निघाल्या, पानावर जराशा फिरल्या आणि उडाल्या. लेक बघतच राहिली. "तुले कसं मालूम होतं? कोणी शिकवलं?"

"कॉलेजात," मी म्हणाले.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र मलाच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं झालं नसतं. लेकीला वाचता येतं. तिलाही अजून दाखवलेलं नाही.