माझ्या स्कूटरवरचा नकाशा

काउतोकेइनो,
मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय रिस्तीन,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून लगेच घाबरू नकोस. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला सांगायचं ते राहून जातं. कागद बिचारा मुकाट ऐकून घेतो. तर आधी हे ऐक, की या एप्रिलमध्येही रेनडिअरचा कळप उन्हाळी चराईसाठी किनाऱ्याकडे मीच नेणार आहे. तुझ्या योव्नाकाकाने परवा कळपवाल्यांच्या बैठकीत सगळ्यांसमोर विषय काढला. म्हणाला, वहिनी, चौसष्ट वर्षांच्या झालात, आता मागच्या स्लेजमध्ये बसा, कॉफी करा, पुढे आमची सिरे जाईल. मी म्हटलं, भावजी, तुमचे गुडघे माझ्याआधी गेलेत, तेव्हा स्लेजमध्ये तुम्ही बसा, कॉफी मी आणून देते. सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला. सिरे त्याची मुलगी असली तरी कामाची आहे, यात वाद नाही. पण तुझे बाबा गेल्यापासून नऊ वसंत मी पुढे राहिलेय, आणि दहावाही माझाच आहे.

दुसरी बातमी वाचून तू खुर्चीवरून पडशील. गेल्या आठवड्यात आल्ताला जाऊन मी माझ्या बर्फावरच्या स्कूटरसाठी नवा डिजिटल मीटर आणला, जीपीएसच्या नकाशासकट. हो, मीच. तुझे बाबा आणि मी या यंत्रांची किती टिंगल करायचो ते तुला आठवत असेल. योव्नाने पहिल्यांदा ते बसवलं तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, की ज्याला आपल्याच रानातली वाट यंत्राला विचारावी लागते त्याने रेनडिअर विकून पर्यटक फिरवावेत. ते त्याने पाच वर्षं मनात धरून ठेवलंय. आता माझ्या स्कूटरकडे बघतो आणि नुसता मिशीत हसतो. हसू दे.

दुकानदार, तो पिकल्या दाढीचा तूर्ग्रिम, मला आधी एक झगमगीत रंगीत मीटर दाखवायला लागला. म्हणे, ताशी दीडशेपर्यंत वेग दाखवतो. अरे बाबा, म्हटलं, आम्ही वसंतात गाभण माद्यांच्या पावलाने चालतो, वेगाचं मी काय लोणचं घालू? मला इंजिनाचं तापमान दाखव, मोठ्या आकड्यांत, चष्म्याशिवाय दिसेल असं. तुला माहीतच आहे, बर्फाचा वरचा थर गोठून दगडासारखा झाला, की खालून भुसभुशीत बर्फ उडत नाही, आणि तो उडाला नाही तर इंजिन थंड होत नाही. तुझ्या बाबांनी एक नवीकोरी स्कूटर अशीच जाळली होती. दुसरा मीटर बोटाने दाबायचा होता. मी माझे कातड्याचे जाड हातमोजे चढवले आणि दाबून दाखवलं. काहीच हललं नाही. तूर्ग्रिम म्हणाला, हातमोजे काढायचे क्षणभर. उणे तीसमध्ये तू काढ, म्हटलं, मी बघते. मग मी त्याला उरलेले दोन मीटर तासभर दाराबाहेर थंडीत ठेवायला लावले. आम्ही आत बसून त्याची पातळ कॉफी प्यायलो, मी आणलेलं सुकं मांस त्यात बुडवून खाल्लं. तास झाल्यावर एकाचा पडदा गोठलेल्या माशासारखा पडून होता. दुसरा मात्र चालला. दिसायला ओबडधोबड, कडेला पाच जाड बटणं, पण आकडे ठसठशीत आणि वीज थेट स्कूटरवरून घेणारा. शेवटी विचारलं, यात ठिकाणांना नावं देता येतात का? आणि आपल्या सामी भाषेतली सगळी अक्षरं आहेत का? दोन्ही होतं. तोच घेतला. इतकी नावं कशाला लागतात म्हणाला. तरण्या पोरींसाठी, असं सांगून मी बाहेर पडले.

ते खोटं होतं, रिस्तीन. निदान अर्धं तरी. आपल्याकडे थोरली माणसं जाताजाता पोरांना विचारतात, सांग बरं, हा कुठला उंचवटा, त्या खाचेला काय म्हणतात, या ओढ्यात पाणी कुठे न गोठता जागं असतं. तुझ्या आजीने मला असंच घडवलं, चुकलं की दिवसभर बोलायची नाही. मीही सिरेला विचारत असते. ती पटापट सांगते, मी मान हलवून म्हणते, बरोबर. काकू किती छान शिकवतात म्हणून गावभर माझं कौतुक चालतं. पण गेल्या वर्षीपासून मी परीक्षा घेत नाहीये. मी खरंच विचारत असते.

आधी एखादंच नाव जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. फेब्रुवारीत मात्र कळप हलवताना दोन दऱ्यांच्या फाट्यावर मी बेधडक डावीकडे वळले. जिथे तुझे बाबा आणि मी लग्नानंतरचा पहिला हिवाळा काढला, तोच फाटा. कळपाच्या पुढे चालणारा घंटेवाला रेनडिअर थांबला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो उजवीकडे निघाला. मी निमूट स्कूटर वळवून त्याच्यामागे गेले. सिरे मागून ओरडली, काकू मुद्दाम चुकल्या, आम्ही बघतोय का ते पाहायला. मीही हसले. पण बराच वेळ हँडल घट्ट धरून ठेवलं. डावीकडची दरी नदीवर उतरते आणि तिथला बर्फ कधीच भरवशाचा नसतो. आपल्या जनावराला माझ्यापेक्षा जास्त कळलं, याची मला अजून लाज वाटते.

आल्ताला मी फक्त दुकानात गेले नव्हते. आधी डॉक्टरकडे गेले होते. तिने हळूच सांगितलं, ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, तो किती वेगाने वाढेल ते कुणी सांगू शकत नाही. तिच्यासमोर मी रडले नाही, गाडीत बसून थोडी रडले. मग डोळे पुसून तूर्ग्रिमकडे गेले.

म्हणून हे पत्र. शाळेतून रजा काढ आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ये. पाच दिवस आपण दोघीच किनाऱ्यापर्यंतची वाट धरू. मी नाव सांगेन, तू बटण दाबून लिहायचंस. जे मला आठवणार नाही ती जागा रिकामी ठेव, ती आपण योव्नाला विचारू, त्याला सगळं मीच सांगेन, पुढच्या बैठकीच्या आधी. आणि कळप निघेल तेव्हा तू माझ्या शेजारून चाल. मी वाट चुकले तर समजावत बसू नकोस, मी ऐकणार नाही. तुझी स्कूटर सरळ माझ्या पुढे घाल, सगळ्यांदेखत. मी चिडेन, तुला नाही नाही ते बोलेन, कदाचित तुझं नावही चुकेन. थांबू नकोस. कळप तुझ्यामागे येईल, आणि मीही येईन.

तुझीच हेकट,
आई