दहावा डोस

मंगळवार, १२ मार्च

आज सकाळी मी अक्काशी खोटं बोललो.

कसं घडलं ते आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच ते गोड करून आठवेन. नऊ वाजता केंद्रावर लसीची बाटली उघडली – पांढऱ्या झाकणाची. एका बाटलीत दहा जणांचे डोस. उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून बाकावर दहा जण जमल्याशिवाय आम्ही बाटली उघडत नाही. आज दहा मोजून उघडली, तर दहावा गृहस्थ पांढरं झाकण बघून उठला. "निळी येईल तेव्हा येतो." निळ्या झाकणाची ती दुसरी लस तीन आठवडे आलेली नाही.

साडेबाराला अक्का जिना चढून केंद्राच्या दारात. टोचून घ्यायला नव्हे, निळी आली का एवढंच विचारायला. आठवड्यातून दोनदा विचारते. भावजी पांढरी घेतल्यावर अकराव्या दिवशी गेले. त्यांचं हृदयाचं दुखणं जुनंच, डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवून समजावलं होतं. अक्का म्हणाली, "कागद तुमच्याकडे आहेत बाई, माणूस माझा गेलाय." पण तिने स्वतः पिठाच्या गिरणीत बावीस वर्षं काढलेली. छाती पार गेली आहे, जिना चढताना दोनदा थांबते. आणि साथ तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलेली.

बाटलीत एक डोस, हातात अर्धा तास, समोर बहीण.

"आली का रे, धाकट्या?"

"आली," मी म्हणालो.

पडद्यामागे सिस्टर सुई भरत होत्या. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. अक्काने बाही वर केली, डोळे मिटले, ओठ हलवत देवाचं नाव घेतलं. मी नोंदवहीत खरं लिहिलं – पांढरी. तिच्या कार्डावर लिहिलं – निळी. तिला अक्षरं जुळवून वाचायला वेळ लागतो, तिने बघितलंही नाही. "तुझ्या हातचं आहे ना? मग झालं."

लहानपणी दोघांपैकी एकाने आजारी आजीपाशी घरी थांबायचं होतं. ती थांबली. दुसरीतून. म्हणून मी शिकलो.

संध्याकाळी देवासमोर बसलो. हात जोडले गेले, पुढे काही सुचलं नाही.

बुधवार, १३ मार्च

अक्काला रात्री कणकण होती, आता उतरली. पोळ्या लाटत होती. खूश आहे. मीही आहे – खोटं कशाला लिहू, मीही आहे.

सिस्टर दुपारी म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही, दादा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तुम्ही ऐकलंत ना?"

शुक्रवार, १५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. रोज दारात वाद होतात. लोकांना हवी ती लस मागू द्यायची की नाही, हे एकदा ठरवा म्हणाल्या.

सिस्टर म्हणाल्या, "अंग त्यांचं आहे, बाई."

"अंग त्यांचं. पण बाटली दहा जणांची. प्रत्येक जण आपलं झाकण निवडत बसला तर बाकावर दहा जमणार कधी? दोन्ही लसी चांगल्या आहेत. हे कापडाचं दुकान नाही, ठाण उलगडून दाखवायला."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर जाऊ द्यायचं. कुठली आहे विचारलं तर खरं सांगायचं. जबरदस्ती नाही, फसवणूक नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही गप्प का? फ्रीज तुमच्या ताब्यात, नोंदवही तुमच्या ताब्यात."

मी म्हणालो, तुमचं बरोबर आहे. दोघींचंही बरोबर आहे म्हणालो. बाई हसल्या – "तुम्ही निवडणुकीला उभे राहा."

मला तेव्हा तिथे सांगता आलं असतं.

सोमवार, १८ मार्च

व्हायचं तेच झालं. अक्काने सगळ्या गल्लीला सांगितलं – माझ्या भावाने मला निळी मिळवून दिली.

तिच्या शेजारचे शिंपीमामा सकाळी हजर. बाकावर आठ जण होते, पांढरी लागणार होती. मामा नववे बसले. आणखी एक आला की उघडणार. मामांनी मला खूण करून बाजूला घेतलं.

"आमच्यासाठी पण एक निळी काढून ठेवा की. असा कोट शिवतो तुम्हाला, बायको ओळखायची नाही."

"मामा, निळी नाही."

"नाही कशी? परवा अक्काला टोचलीत ना? बरं बरं. चारचौघांत बोलू नका. मी थांबतो."

"पांढरी पण चांगलीच आहे. मी स्वतः तीच घेतली आहे."

"तुम्ही घेतलीत, पण बहिणीला नाही दिलीत," मामा म्हणाले. हसत म्हणाले. आणि बाकावरून उठून गेले.

एक वाक्य बोलायचं होतं. बाकावर आठ माणसं ऐकत बसली होती.

गुरुवार, २१ मार्च

फ्रीजमागे निळ्या बाटल्या लपवल्या आहेत अशी गावभर बोंब. एका म्हातारीने माझ्या टेबलाखाली वाकून बघितलं. दिवसभरात बाकावर सहा जण. बाटली उघडलीच नाही. सहाही जण पांढरी घ्यायला तयार होते, तरी परत पाठवले.

एक डोस वाया जाऊ नये म्हणून मी ते केलं, असं आतापर्यंत मनाला सांगत आलो. का अक्कासाठी केलं? त्या दिवशी घड्याळ आधी बघितलं का तिचा चेहरा? खरंच आठवत नाही.

सोमवार, २५ मार्च

शिंपीमामा पुन्हा आले होते. "आली की निरोप द्या." मी मान हलवली. नुसती मान.

गुरुवार, २८ मार्च

अक्का सांगत होती, मामांना ताप आहे. दोन दिवस मशीनचा आवाज नाही.

रविवार, ३१ मार्च

मामांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. देवासमोर तासभर बसलो. मागायची लाज वाटली. तरी मागितलं.

बुधवार, ३ एप्रिल

शिंपीमामा गेले.

गुरुवार, ४ एप्रिल

त्यांच्या घरी जाऊन आलो. मशीनवर कुणाचा तरी अर्धा सदरा होता, एकच बाही लावलेली. सुई कापडात तशीच.

परत येताना अक्काने जिन्यात गाठलं. धाप लागली होती तिला, तरी बोलायची थांबली नाही.

"तुला म्हटलं होतं, त्याच्यासाठी एक ठेव. घरच्यांना मिळते, शेजाऱ्याला मिळत नाही होय रे? किती वेळा तुझ्या दारात आला तो?"

"दोनदा."

"मोजून ठेवलंस वर!"

आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिल्या दिवशी टोचलं असतं तर मामा वाचले असते का, ते देवालाच ठाऊक. सिस्टर म्हणतात, इतक्या लवकर अंगात पुरेशी ताकद येत नाही. असेल. त्या सकाळी मामा बाकावर नववे बसले होते आणि माझ्या खोट्यामुळे उठले, एवढं मला ठाऊक आहे.

शनिवार, ६ एप्रिल

निळी आली. चाळीस बाटल्या. फ्रीजमध्ये मीच लावल्या.

मंगळवारी अक्काचा दुसरा डोस. पहिला ज्या झाकणाचा, दुसराही त्याच झाकणाचा द्यायचा – वरून तसा हुकूम आहे. कार्ड म्हणतं निळी, नोंदवही म्हणते पांढरी.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "दादा, मागच्यासारखंच करू या. पडद्यामागे मी पांढरी भरते. तिचं भलंच होईल ना? कुणाला कळणार?"

भलंच होईल. खरं आहे. सांगितलं तर ती दुसरी घेणार नाही, हेही खरं आहे. आणि तिची ती छाती.

रविवार, ७ एप्रिल

आज काम नव्हतं. दिवसभर एकच विचार.

माणसाला लस निवडू द्यावी का? मला अजून नीट सांगता येत नाही. फ्रीजमध्ये असेल तेच मिळणार, बाईंचं चुकत नाही. पण ज्याला काहीच निवडता येत नाही, त्याच्याकडेही नको म्हणणं उरतं. अक्काकडे तेवढंच उरलं होतं. ते मी अर्ध्या तासाच्या हिशोबात तिच्याकडून काढून घेतलं, आणि ती माझे उपकार मानत घरी गेली.

तिचं चुकत असेल. भावजींबद्दल चुकतच असेल. पण तिची चूक तिच्या नावावर असायला हवी होती. आता सगळं माझ्या नावावर आहे.

सोमवार, ८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना लिहून दिलं. एक पानभर. त्यांनी दोनदा वाचलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. चौकशी होईल. उद्यापुरतं टेबल माझ्याकडे राहू द्या म्हणालो. त्यांनी मान हलवली.

मंगळवार, ९ एप्रिल

सांगितलं.

बाकावर नऊ जण होते, दहावी अक्का धरून नऊला पांढरी उघडली होती. अक्का साडेअकराला आली. बाही वर करायच्या आत मी नोंदवही तिच्यासमोर फिरवली, तिच्या ओळीवर बोट ठेवलं. "वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिने माझं बोट बाजूला करून स्वतः अक्षरं जुळवली. वेळ लागला.

"शिंपी आला तेव्हा निळी नव्हतीच?"

"नव्हतीच."

"आणि मी त्याला सांगत फिरले."

मी म्हणालो, दुसरी पांढरीच घ्यावी लागेल, तुझ्या छातीसाठी घे, पाया पडतो. नको असेल तर नको म्हण. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. "हे तुझ्या हातचं. तुलाच राहू दे." गेली. जिन्यात दोनदा थांबलेली ऐकू आली. मी हाक मारली नाही.

एक वाजेपर्यंत दाराकडे बघत बसलो. मग दहावा डोस फेकला, आणि नोंदवहीत लिहिलं – वाया, एक.